निर्लेखित

पोलीस मुख्यालयाच्या मागं, एमटीच्या शेडला लागून
माझं भांडार. तीन कपाटं, एक तराजू,
आणि भिंतीवर जगाचा नकाशा.
तो मी नाही लावला. ओल झाकायला
आधीच्या कुणीतरी ठोकलाय.

फौजदार बिराजदार बाई मार्चात आल्या यादी घेऊन:
मच्छरदाणी एक, पाणी गाळायची नळी एक,
बुटांचे जोड दोन, पिवळ्या तापाचं पिवळंच पुस्तक.
निळी टोपी तिकडं मिळते म्हणाल्या,
बाकीचं तुम्ही बघा, इरण्णा.

एकवीस वर्षं मी लाठ्या मोजल्या, ढाली मोजल्या,
गड्ड्याच्या बंदोबस्ताला बांबू आणि दोर.
दक्षिण सुदान मोजायची पाळी आली नव्हती.

गणवेश अशोक चौकात, लक्ष्मीपती गुड्डेटीकडं.
शाळांची कापडं शिवणारा माणूस;
खडू थांबवून म्हणाला, बाहीवर काय येते की?
म्हटलं, एका दंडावर तिरंगा, दुसऱ्यावर जग.
त्यानं दोन्ही दंड पुन्हा मापले.
शिवणीत दोन इंच जास्त सोडले.

तराजूवर बॅग नऊशे ग्रॅम जड.
बाईंनी चादर काढली, चाटल्याची,
आईनं दिलेली, मोर असलेली. घडी न मोडता
माझ्या टेबलावर ठेवली.
कडक भाकरी चाळीस, शेंगाचटणी,
त्याला मात्र हात लावला नाही.

दुसरा खोका जहाजानं गेला
आणि मोंबासात अडकला. एक कागद कमी.
सहा आठवडे रोज कुलूप उघडलं की
आधी नकाशाकडं बघायचो.
मोंबासा नेमकं तिथं, जिथं पोपडा सुटलाय.

मग एका रात्री मोबाईलवर:
इरण्णा, शिट्ट्या पाठवा. पन्नास.
बाया सरपणाला कुंपणाबाहेर जातात.
आमची गाडी मागं असते, कधी नसते,
डिझेल मोजून येतं.
ओरडलं तर ऐकू येत नाही इतकं लांब जावं लागतं त्यांना.

मागणीपत्रात शिट्टीला रकाना नाही.
साहेब म्हणाले, शस्त्र आहे का? कपडा आहे का?
मग कशात दाखवू?
मी काय बोलणार. सलाम ठोकला.

निर्लेखित मालाच्या पेटीत, फाटक्या छत्र्यांच्या खाली
होमगार्डच्या जुन्या शिट्ट्या निघाल्या. पितळी. बहात्तर.
कितीतरी यात्रांची थुंकी आत वाळलेली.
घरी नेल्या. डेटॉलच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या,
सकाळी चिंचेनं घासल्या, गच्चीवर मांडल्या.
शांतव्वा म्हणाली, माझी भांडी कधी अशी घासलासा का?
मग एकेक फुंकून बघितली.
गल्लीतली पोरं गोळा झाली, कुत्री पळाली.
बावीस मुक्या निघाल्या.
उरल्या बरोब्बर पन्नास. वजन एक किलो दोनशे.

पुण्याचा एक हवालदार निघाला होता तिकडं,
त्याच्या बुटांत कोंबल्या, वर मोजे.

पोच आली दिवाळीनंतर:
एकोणपन्नास मिळाल्या. वाजतात.
काल एकदा वाजली, आम्ही पोचलो.
एवढंच. कोण, कुठं, काय झालं, ते नाही लिहिलं.
मीही विचारलं नाही.

साहेबांनी मात्र पोच वाचून भुवई चढवली.
निर्लेखित माल, म्हणजे नसलेला माल.
नसलेल्यातला एक नग कमी
कसा दाखवायचा, खुलासा करा.
मी लिहिलं: वाटेत गहाळ.

तो माझ्या खिशात आहे.
परवा कंबर तलावावर गेलो, उन्हं उतरल्यावर.
शांतव्वाला पलीकडच्या काठाला उभं केलं,
ती पुटपुटत गेली, गुडघ्यावर हात ठेवत.
छातीत होतं तेवढं वारं लावून फुंकली.
पाणकावळे उठले, दोन माणसं वळून बघायला लागली.
तिचं तोंड दिसत नव्हतं एवढ्या लांबून.
थोड्या वेळानं तिनं हात वर केला.

तेवढं अंतर मी कुठंच नोंदवलेलं नाही.